‘पाण्याने कुणाचं काय बिघडतं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या (अल्कधर्मी) पाण्याने कॅन्सर बरा होतो, या मेसेजवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी घाबरलेल्या माणसांची टर उडवली, डॉक्टरही चुकतात, अल्सरचंच बघा, आणि पाणी पिऊन कुणाला धीर येत असेल तर बिघडतं काय? तुमच्या मावशी केमो चालू असताना ते पाणी घेताहेत, हेही तुम्ही लिहिलंत.

पहिला मुद्दा मान्य. ‘नळ उघडा, कॅन्सर पळवा’ हे वाक्य लिहिताना मला फारच आवडलं होतं, तिथेच शंका यायला हवी होती. ते काढलंय. असे मेसेज पुढे पाठवणारा माणूस बहुतेक वेळा काळजीपोटी पाठवतो. चारचौघांत त्याला खोटं पाडलं की तो मेसेजची नाही, स्वतःची बाजू लढवायला लागतो. म्हणून हल्ली माणसाशी मी एकट्याने बोलते. विधान मात्र जिथे आलं तिथेच दुरुस्त करते, कारण काही न बोलता नुसतं वाचणारेच तिथे जास्त असतात.

आता तो मेसेज. ‘कॅन्सरचं मूळ शरीरातली आम्लता, हे शोधल्याबद्दल ओटो वॉरबर्ग यांना 1931 चं नोबेल मिळालं’ असं त्यात आहे, म्हणून आम्लता मारणारं पाणी प्यायचं. नाव खरं, साल खरं. पण ते नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हेही वॉरबर्ग यांनी दाखवलं होतं, आणि गाठीच्या भोवती आम्लता थोडी जास्त असते हेही खरं. फक्त ती आम्लता गाठीमुळे तयार होते, आम्लतेमुळे गाठ नाही. मेसेजने बैलापुढे गाडी जुंपली आहे.

मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. माझ्या अनुभवात लोकांना सगळ्यात जास्त पटते ती लघवीची पट्टी. आठवडाभर ते पाणी प्यायचं, पट्टी बुडवायची, रंग बदलतो. डोळ्यांदेखत पुरावा! रंग खरोखरच बदलतो. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 7.35 ते 7.45 इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावा म्हणून फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात आणि मूत्रपिंडं जादाचं आम्ल किंवा अल्कली लघवीतून काढून टाकतात. म्हणजे पट्टीवर दिसतं ते शरीराने बाहेर फेकलेलं. रक्त होतं तिथेच आहे. गंमत म्हणजे कॅन्सरच्या वॉर्डातही लघवी मुद्दाम अल्कधर्मी करतात. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध मोठ्या मात्रेत देताना त्याचे खडे मूत्रपिंडात धरू नयेत म्हणून बायकार्बोनेट देतात. त्याने मूत्रपिंड वाचतं. गाठीवरचा मारा मेथोट्रेक्सेटच करतं.

अल्सरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. पोटाच्या अल्सरमागे जिवाणू असतात हे डॉक्टर मानत नव्हते, तेव्हा 1984 मध्ये डॉ. बॅरी मार्शल यांनी स्वतः ते जिवाणू प्यायले, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी त्यांनी आपलं जठर निरोगी असल्याचं एंडोस्कोपीने तपासून घेतलं होतं, आणि नंतर बायोप्सीत दाह व जिवाणू दोन्ही सापडले, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढे प्रतिजैविकांनी अल्सर परत येणं थांबतं हे रुग्णांवर तपासलं गेलं, तेव्हा डॉक्टरांनी मत बदललं. 2005 मध्ये मार्शल आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. मार्शल चुकले असते तर बायोप्सीत ते दिसलं असतं. अल्कलाइन पाण्याचा दावा चुकीचा असेल तर तो कुठे दिसेल? गुण आला तर पाण्याचा, नाही आला तर ‘उशीर झाला होता’.

आणि बिघडतं काय? पाण्याने फारसं काही नाही. बिघडतं ते मेसेजच्या शेवटच्या ओळीने, ‘केमोची गरजच उरत नाही’ म्हणणाऱ्या. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असूनही प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले 281 रुग्ण त्यात होते. उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. प्रोस्टेटमध्ये फरक दिसला नाही. तो कॅन्सर बहुधा संथ वाढतो. हा नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, आणि तशी चाचणी कुणी करूही नये. पण वाट बघण्याचे ते दिवस परत मिळत नाहीत.

मावशींशी वाद घालू नका. नुसतं बाटलीतलं पाणी असेल तर ती बाटली पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून पीत असतील तर मात्र भेटीपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. सोड्यातून सोडियम पोटात जातं, जास्त झालं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील तर हे सगळं लवकर होतं. आणखी एक त्यांना सहज विचारा: हे पाणी सुचवणारा पुढच्या केमोच्या तारखेबद्दल काही बोलला का?