गिरण्यांच्या जमिनी आणि एनएचएसच्या जमिनी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रिकाम्या पडलेल्या जमिनींवर परवडणारी घरं बांधावीत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं झालं तेच इंग्लंडमध्ये होणार: घरं गरिबांच्या नावाने, टॉवर बिल्डरचे, आणि उद्या वॉर्ड वाढवायला जागा नाही.

बिल्डरबद्दलची शंका रास्तच आहे. एनएचएसच्या जमिनी-इमारतींवरच्या २०१७ च्या नेलर अहवालानंतर जमिनी विकण्याची घाई झाली. न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या अभ्यासगटाने हिशेब मांडला, तर अशा जमिनींवरच्या पाचपैकी चार घरांची किंमत नर्सच्या आवाक्याबाहेर निघाली. पण त्याचं खापर एकट्या बिल्डरवर फोडून भागत नाही. हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टवर जमिनीचा जास्तीत जास्त भाव मिळवण्याचं दडपण असतं. सर्वांत मोठी बोली लावणारा तो पैसा महाग फ्लॅट विकूनच काढणार. वर तोच कौन्सिलपुढे, म्हणजे बांधकामाला परवानगी देणाऱ्या स्थानिक पालिकेपुढे, आकडे घेऊन उभा राहतो, की जमीनच एवढ्याला पडली, स्वस्त घरं परवडणार कशी!

उत्तर लंडनमधलं सेंट अ‍ॅन्स हॉस्पिटल बघा. तिथल्या २०१५ च्या आराखड्यात ४७० घरं होती, परवडणारी जेमतेम १४ टक्के. रहिवाशांनी ‘स्टार्ट’ नावाची संस्था काढून पिच्छाच पुरवला. शेवटी २०१८ मध्ये लंडनचे महापौर सादिक खान यांच्या जमीन-खरेदीच्या निधीतून जवळपास दोन-तृतीयांश जागा विकत घेतली गेली, निम्मी तरी घरं परवडणारी हवीत या अटीवर. पुढच्या आराखड्यात तो आकडा ६० टक्क्यांवर गेला. आणि वॉर्डचं म्हणाल, तर हॉस्पिटल तिथेच आहे. उरलेल्या जागेत मनोरुग्णांसाठी नवी इमारत २०२० मध्ये सुरू झाली. विकणारा ट्रस्ट तोच होता, घेणारा बदलला.

गिरण्यांचा दाखला मात्र मला तुमच्यापेक्षा वेगळं सांगतो. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या १९९१ च्या नियमात साधारण एक-तृतीयांश जमीन म्हाडाला आणि तेवढीच मोकळ्या जागांसाठी पालिकेला होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि म्हाडाचा वाटा आटला. अट नियमावलीत असली की सरकार ती बदलू शकतं. म्हणून ती खरेदीखतात हवी. पूर्व लंडनमध्ये सेंट क्लेमेंट्स या जुन्या मनोरुग्णालयाच्या जागेवर कम्युनिटी लँड ट्रस्टच्या, म्हणजे रहिवाशांच्या ना-नफा संस्थेच्या, घरांची किंमत स्थानिक पगारांशी बांधलेली आहे, आणि पुढच्या विक्रीलाही तेच सूत्र लागू राहतं. अशी घरं २५२ पैकी फक्त २३, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो.

‘जमीन गेली की गेली’ यावर उपाय आहे. मालकी हॉस्पिटलच्या ट्रस्टकडेच ठेवून लांब मुदतीच्या लीजवर द्यायची. त्यात आणि वरच्या अटींमुळे हाती येणारी रक्कम घटते. ती तूट सरकारने भरून द्यायला हवी, नाहीतर गळकी छपरं दुरुस्त करायला पैसे शोधणारा कुठलाही ट्रस्ट अशा कागदावर सही करणार नाही.