अर्ज शेवटच्या रात्रीच भरावा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि आयसीएमआरच्या (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचं, विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधनाच्या योजनेचं, कानावर आलंय? उत्तम. दोन महिन्यांचं काम आणि 50,000 रुपये विद्यावेतन. हे पैसे संशोधनाचा अहवाल मंजूर झाल्यावर हातात पडतात, म्हणून पार्टी आधीच देऊन टाका.

गाइड निवडताना त्यांचा विषय पाहू नका, खुर्ची पाहा. एका गाइडला एकच विद्यार्थी घेता येतो, हे त्याच केबिनबाहेर उभ्या पाच जणांना शेवटच्या आठवड्यात कळलेलं बरं. प्रस्तावात स्वतःचं आणि कॉलेजचं नाव ठळक अक्षरांत घाला. परीक्षकाला ओळख कळू नये असा नियम आहे आणि ती कळली की अर्ज बाद होतो. चला, तेवढंच काम हलकं.

नमुना किती घ्यायचा, म्हणजे किती माणसं तपासायची? 100 लिहा, आकडा गोल दिसतो. हिशेबाला बसलात की पंचाईत. लोकांत आजाराचं प्रमाण 50 टक्के धरून इकडेतिकडे 5 टक्के चूक चालवून घेतली, तर 384 माणसं लागतात. दहा टक्के मध्येच गळतील म्हटलं की झाली 427. दोन महिन्यांतले रविवार-सुट्ट्या वगळा, म्हणजे रोज नऊ माणसं, तीही लेक्चर आणि पोस्टिंग सांभाळून. त्यापेक्षा आधी माहिती गोळा करावी आणि मग संख्याशास्त्रज्ञाकडे जावं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1938 साली कलकत्त्यात सांगून ठेवलंय की, प्रयोग संपल्यावर आलात तर शवविच्छेदन तेवढं करून मिळेल. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचं मात्र सावकाश घ्या. कोरमला किमान पाच सदस्य लागतात, त्यांत वैद्यकाबाहेरचेही हवेत. वकीलसाहेब कोर्टात अडकले की बैठक पुढच्या महिन्यात. तेव्हा मुदतीच्या चार दिवस आधी कागद दिलेत की पुरे. संमतिपत्र आधी इंग्रजीत लिहा आणि मशीनकडून मराठी करून घ्या. 'सहभागी कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्यास मुक्त आहे' असलं काही आजीबाईंपुढे धरलंत, की त्या विचारणार, 'गोळ्या कधी देणार, डॉक्टर?'

प्रशिक्षण? चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो बंधनकारक आहे. व्हिडिओ आवाज बंद करून दुप्पट वेगाने चालवा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवरून घ्या. नमुन्याचं गणित त्यातच शिकवतात, पण ते कळलं तर वरचा 100 चा आकडा लिहिताना हात थरथरेल.

औषधाची चाचणी करणार असाल तर सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंद चालत नाही. तारीखच अशी निवडलीय की अनेकांना अजून ती थट्टाच वाटते.

पुढे अध्यापक झालात की मोठं अनुदान मागा. अंदाजपत्रक दहा मिनिटांत होतं. एलायझा या रक्ततपासणीच्या प्लेटला 96 खाचा असतात, किटमागे प्लेट एक आणि रक्ताचे नमुने 384, म्हणजे चार किट. तुलनेसाठीची प्रमाणित द्रावणं आणि ब्लँक (नमुन्याविनाची खाच) मिळून आठ, ती दुहेरी लावली की 16 खाचा जातात. उरलेल्या 80 मध्ये प्रत्येक नमुना दोनदा लावला की प्लेटमागे बसतात चाळीसच, म्हणजे लागणार दहा किट, असली कटकट मांडू नका. सहा किटांचे पैसे कुठून आणायचे ते मंजुरीनंतर बघू.

आणि समजा, एवढं करूनही पैसे आलेच, तर ते वर्ष सरता सरता येतील. 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, यूसी (पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र) वेळेत गेली नाही तर पुढचा हप्ता अडकतो. म्हणून परवडतील तेवढी किटं एकदम मागवा. नमुने जमेपर्यंत त्यांची मुदत उलटलेली असेल, पण बिलं जागेवर असतील. ती 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायची असतात. विभागाच्या फ्रीजमध्ये डब्यातल्या दह्याशेजारी जागा असेलच.