कुठे उतरणार?

माझ्या डोक्यात ऐकण्याचं यंत्र, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, बसवलंय हे कळलं की माणसं खूश होतात. "म्हणजे आता सगळं ऐकू येतं ना?" मी "हो" म्हणते आणि विषय तिथेच सोडते, कारण पुढचं सांगत बसलं तर लोकल जाते. तसं ते खोटंही नाही. ऐकू सगळंच येतं. पंखा येतो, पाल चुकचुकलेली येते, वरच्या मजल्यावर कुणी स्टूल ओढलं तर तेही येतं. शेजारी वेफर्सचं पाकीट फोडलं तर असा कडकडाट होतो की मी छताकडे बघते. फक्त समोरचा माणूस बोलतोय काय, एवढंच येत नाही. ते मी अंदाजाने बसवते.

याचं कारण मला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच. कानाच्या आत शंखासारखं एक वेटोळं असतं. आवाज आला की मेंदूला कळवायचं काम त्यातल्या साधारण ३,५०० पेशी करतात. माझ्या तिशीत त्यांनी राजीनामे द्यायला सुरुवात केली. माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, पक्ष्यांच्या येतात. म्हणजे आमच्या खिडकीत बसून कोकलणाऱ्या कावळ्याचा कान बिघडला तर तो आपोआप बरा होईल, माझा नाही. काही वर्षं श्रवणयंत्रावर काढली. मग त्याचाही उपयोग संपला आणि ऑपरेशन करून त्या वेटोळ्यात २२ इलेक्ट्रोडची एक बारीक तार सरकवली. ३,५०० कायम कर्मचाऱ्यांचं काम आता २२ कंत्राटी कामगार करतात. जसं व्हायचं तसंच होतं.

ऑपरेशननंतर लगेच काही ऐकू येत नाही. जखम भरू देतात, मग काही आठवड्यांनी 'स्विच ऑन'. कानामागे प्रोसेसर अडकवतात, त्याच्या वायरीच्या टोकाची चकती केसांखाली लोहचुंबकाने चिकटते आणि ऑडिओलॉजिस्टबाई लॅपटॉपवर बटण दाबतात. माझ्या वेळी पहिले आमचे हे बोलले. एरवी यांचा आवाज असा की कुजबुजले तरी जिन्यात घुमतो. त्या दिवशी समोर बसून एक बालवाडीतला मुलगा "ऐकू येतंय का गं?" असं विचारत होता. मला हसू आवरेना. यांना वाटलं आनंदाने झालं. खरं म्हणजे खर्जातले सूर त्या वेटोळ्याच्या अगदी आतल्या टोकाला ऐकू येतात आणि तार तिथपर्यंत जात नाही, म्हणून सुरुवातीला जो तो पातळ, चिरक्या आवाजात बोलतो. काही महिन्यांनी मेंदू जुळवून घेतो. आता यांचा आवाज पुन्हा यांच्यासारखा झालाय. निदान माझ्या मेंदूने तसं जाहीर केलंय.

उरलेलं सगळं अंदाजाचं. आणि अंदाजाने जगायला मुंबईसारखं शहर नाही, कारण इथली माणसं ठरलेलंच बोलतात. रिक्षावाला म्हणजे सुट्टे पैसे. वॉचमन म्हणजे पाणी जाणार. भाजीवाली तोंड उघडायच्या आत मी "कढीपत्ता पण घाल" म्हणते. सगळ्यात सोपा लेडीज डबा. बसायला जागा नसेल तर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" आणि आपण बसलो असू तर उभी असलेली बाई आपल्याला तेच विचारणार. तिचा आवाज ऐकायचं कारणच नाही. ती वाकली, भुवया वर गेल्या, की मी सांगते, "मुलुंड."

हे उत्तर फार गुणी आहे. एकदा संध्याकाळच्या गाडीत एकीने मान वाकडी करून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "मुलुंड." ती म्हणाली, "छान आहे हो!" आणि माझ्या गजऱ्याला हात लावला. नंतर माझ्या लक्षात आलं, गजरा कुठून घेतला असं ती विचारत होती. तेव्हापासून मी निरीक्षण करतेय. "राहायला कुठे?" मुलुंड. "साडी कुठली?" मुलुंड. "मुलगी कुठे दिलीत?" मुलुंड, आणि ते खरंच आहे. "इथे कोण बसलंय?" यालाही मुलुंड चालतं, कारण गाडीत माणसाला नाव नसतं, स्टेशन असतं. "घाटकोपर, जरा सरका" म्हटलं की घाटकोपर सरकतं. फक्त एकदा एका मुलीला "मुलुंड" म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत दारापर्यंत मागे गेली. बहुधा किती वाजले असं विचारलं असावं.

सकाळी मी विचारणारी असते, तेव्हा जरा कठीण जातं, कारण उत्तर ओठांवरून वाचावं लागतं. लोकांना वाटतं, ओठ वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं. मराठीतली निम्मी अक्षरं घशात आणि टाळूला होतात, बाहेर त्यांचा पत्ता लागत नाही. जी बाहेर दिसतात ती सगळी एकसारखी. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. माझी भाची धावत येऊन ज्याला मिठी मारते तो नक्की कोण, हे मी मिठीच्या घट्टपणावरून ठरवते. त्यात मिशा, त्यात तोंडात तंबाखू. २०२० साली सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा तर माझ्यापुरती मुंबई मुकी झाली. भाजीवालीला कढीपत्ता नको होता, पैसे हवे होते, एवढं तिच्या डोळ्यांवरून कळायचं.

शिवाय माझं मशीन एकाच कानाला आहे. आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. दादरच्या पुलावर कुणी "ओ ताई!" म्हटलं की ते ऐकू येतं, पण समोरून, मागून की वरून ते कळत नाही. सुदैवाने त्या पुलावर "ओ ताई" म्हटलं की निम्मा पूल वळतो. मी बाकीच्या जिकडे बघतात तिकडे बघते.

घरातली गंमत वेगळी. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांनाही ऐकायला कमी येतं, पण ते त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यात माझ्या प्रोसेसरची खोड अशी की एकदम मोठा आवाज झाला की तो क्षणभर सगळेच आवाज दाबून टाकतो, म्हणजे कानठळ्या बसू नयेत. त्यामुळे कुकरची शिट्टी झाली की सासूबाईंचं अर्धं वाक्य वाफेबरोबर जातं. परवा स्वयंपाकघरातून मी विचारलं,

"आई, डाळ किती लावू?"

"बाळ? कुणाला झालं?"

शिट्टी वाजली. मला "झालं?" एवढंच आलं, म्हणजे कुकरचंच असणार.

"अजून नाही झालं. तीन व्हायच्यात."

"तिळं?" त्या पाटावरून उठल्याच. "अगं बाई! आणि आई कशी आहे?"

मला आई असं हाक मारल्यासारखं काहीतरी दिसलं. मी म्हटलं, "चांगली मऊ शिजली की उतरवते."

सासूबाईंनी मात्र माझं शेवटचं वाक्य ऐकलं नव्हतं. त्या तोवर नाशिकला नणंदेला फोन लावायला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत यांना तीन अभिनंदनं आणि एक 'जमेल का रे या वयात' असा मेसेज आला.

लोकांचं मला एवढंच वावडं आहे की ते "काही नाही, जाऊ दे" म्हणतात. ऑफिसात डबा खाताना सगळ्या खो-खो हसतात, एकीच्या डोळ्यांतून पाणी येतं, मी विचारते काय झालं, तर "काही नाही गं, नंतर सांगते." फार मागे लागलं तर सांगतात, "अगं, तो चहा सांडला त्याचा." एवढ्यावर चार बायका टेबल बडवत होत्या! माझ्याकडे असे नंतर सांगायचे विनोद इतके साठलेत की निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांकडून व्याजासकट वसूल करणार आहे.

गाण्याचं विचारू नका असं म्हणणार होते, पण भाऊजींबद्दल सांगायलाच हवं. यंत्रातून ताल झकास कळतो, तबला तर अगदी खणखणीत. सुरांची मात्र भेळ होते. लहानपणी रेडिओवर ऐकलेली गाणी मेंदू आठवणीतून रंगवून देतो, नवीन गाणं म्हणजे नुसती खडखड. आमचे धाकटे भाऊजी दर दिवाळीत पेटी काढतात. पहिली तान सुरू झाली की नणंदेला पाणी प्यायचं असतं, मुलांना फटाके आठवतात, हे बाल्कनीत जातात. मला भाऊजी आणि संगीत संमेलनातला गवई अगदी एका पट्टीत लागतात. त्यामुळे ते आता फक्त माझ्याकडे बघून गातात. "वहिनींना कळतं," असं पाहुण्यांना सांगतात.

चकतीच्या चुंबकाचं एक निराळं प्रकरण. लग्नाला जाताना पार्लरमधली मुलगी अंबाडा घालायला बसली. तोंडात आकडे धरून तिने एक खोचायला घेतला, तो टुणकन उडून माझ्या डोक्यावरच्या चकतीला चिकटला. दुसरा घेतला, तोही. तिने मागच्या मुलीला बोलावलं. दोघींनी मिळून पाहिलं. मी समजावून सांगितलं, पण तोपर्यंत त्या आकड्यांना हात लावायला तयार नव्हत्या. बसच्या गर्दीत तर कधी चकतीच निसटते आणि वरच्या लोखंडी दांडीला जाऊन बसते. म्हणजे मी खाली बहिरी आणि माझा कान दांडीवर लटकतोय. कंडक्टरला ते समजावून सांगताना तो काय म्हणाला हे मला सांगता येणार नाही, कारण कान दांडीवर होता.

बहिरेपण सिद्ध करणं हा तर रोजचा तोंडी पेपर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणदोष असला की माणूस बहिरा. माझ्याकडे कार्ड आहे, त्यावर फोटो आहे, आणि वांद्रे रेक्लमेशन म्हटलं की इतरांना सी-लिंक आठवतो, आमच्यासारख्यांना १९८३ पासून तिथे असलेली अली यावर जंग ही बहिरेपणावर काम करणारी संस्था आठवते. पण दिव्यांगांच्या डब्यात चढलं की प्लास्टर घातलेला एखादा गृहस्थ मला पायापासून न्याहाळतो आणि विचारतो, "तुम्हाला काय झालंय?" मी सांगते, ऐकू येत नाही. तो विजयी मुद्रेने म्हणतो, "मग मी विचारलेलं कसं ऐकलंत?" खरं तर मी ऐकलेलं नसतं. त्या डब्यात दुसरा प्रश्नच नसतो. पण हे कळावं म्हणून मी कधी गप्प राहिले, तर तो शेजाऱ्याला सांगतो, "बघा, कशी गुर्मी आहे."

एक सुख मात्र मान्य करते. चकती काढली की मुंबई बंद. बाजूच्या प्लॉटवर टॉवर उठतोय, सकाळपासून जमिनीत खांब ठोकतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ असा २००० सालचा नियम आहे, तो लिहिणारा आमच्या गल्लीत राहत नसावा. अख्खी बिल्डिंग दुपारी डोकं धरून बसते आणि मी घोरते. घोरते असं हे म्हणतात, मी कुठे ऐकलंय?

त्याच टॉवरकडे बघून आमच्या सोसायटीलाही रीडेव्हलपमेंटची स्वप्नं पडायला लागली. गच्चीवर सभा भरली. चाळीसेक माणसं, सगळी एकाच वेळी बोलणारी, वर खांब ठोकायचा ठेका. अशा ठिकाणी माझे २२ कामगार सरळ संपावर जातात. समोरच्यांचं बोलणं मराठीत टाइप करून दाखवणारं ॲप मी लावलं आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सचिव म्हणाले, एफएसआय (म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते) वाढवून मिळेल. फोनवर उमटलं, 'एक आई वाढवून मिळेल.' बिल्डर सभासदांना देतो त्या कॉर्पस फंडाचा 'कापूस फंड' झाला. 'तळमजल्यावाल्यांचा विरोध' याचं ॲपने 'तळमळल्यावाल्यांचा विरोध' केलं, तिथे मात्र मी त्याला मनोमन मार्क दिले.

तासाभराने अध्यक्षांनी विचारलं, "मग ठरलं काय?" चांगले धडधाकट कान असलेली ती सगळी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सचिव माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमच्या फोनमध्ये सगळं आलंय ना? वाचा बघू, तेच मिनिट्समध्ये घेऊन टाकतो." मी वाचलं. सचिवांनी उतरवून घेतलं. मागून कुणीतरी हात वर केला, म्हणजे अनुमोदनच असणार. त्यामुळे आमच्या मिनिट्स बुकात आता प्रत्येक सभासदाला बिल्डरकडून एक आई वाढवून मिळणार, असा ठराव सर्वानुमते मंजूर आहे.

घरी येऊन मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना तो पहिल्या फटक्यात, शब्द न् शब्द ऐकू गेला. लेखी हरकत उद्या सकाळी देणार आहेत.