‘दुसरी नोकरी लागेपर्यंत पॉलिसी नको’: हा सल्ला ऐकू नका

मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेम संपला, त्यातली वर्षं वाया. दुसरी नोकरी लागेपर्यंत स्वतःची पॉलिसी घेऊ नका, पैसे पाण्यात. घेतलीच, तर बीपी-शुगर सांगू नका.’ पगार थांबलेल्या माणसाला हे लगेच पटतं, म्हणून उत्तर देतोय.

वर्षं वाया जातात, हे खोटं. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे नोकरीतल्या कंपनीच्या मेडिक्लेममधून, बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच कव्हर) पॉलिसीत जाण्याचा हक्क आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमांनी दिला आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्यांचा क्लेम मिळण्याआधी थांबावा लागणारा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तुमचे ग्रुपमध्ये सलग २८ महिने झाले असतील, तर उरतात ८. ही सवलत जुन्या कव्हरपुरतीच. ५ लाखांवरून १० लाखांवर गेलात, तर वरच्या ५ लाखांसाठी पूर्ण काळ मोजावा लागतो. विमा कंपनी तपासण्या मागेल, हप्ता वाढवेल, कधी नकारही देईल. तरी अर्ज कराच, आणि नोटीस पिरियडमध्येच करा. कव्हर नेमकं कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते एचआरकडून लेखी घ्या. मध्ये खंड पडला, तर मात्र ती वर्षं खरोखर हातची जातात.

‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून आजारपणाचा क्लेम मिळत नाही. म्हणजे दुखणं आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ओढाताण असेल तर कमी रकमेचं कव्हर घ्या, हप्ता मासिक भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

आजार लपवण्याचा सल्ला तर घातकच. दवाखान्यात भरती होताना आपणच डॉक्टरांना सांगतो, ‘पाच वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे.’ ते केसपेपरवर येतं, आणि क्लेम तपासणारा आधी तेच वाचतो. सलग ६० महिन्यांनंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही उरत नाही.

मेसेजमध्ये आईवडिलांचा उल्लेखच नाही, याचा मला सगळ्यात राग येतो. सत्तरीतल्या, शुगर असलेल्या आईला नव्याने पॉलिसी मिळवणं किती अवघड असतं! ती तुमच्या ग्रुप पॉलिसीत असेल, तर मायग्रेशनचा हक्क तिलाही आहे. फॉर्मवर पहिलं नाव तिचं घाला.