काउंटरवरचा हंगामी फार्मासिस्ट कोणाचा?

खासगी रुग्णालयांच्या फार्मसीत आणि मेडिकल दुकानांच्या मोठ्या साखळ्यांत हंगामी किंवा बदली फार्मासिस्टला नेमणूकपत्राऐवजी ‘व्यावसायिक सेवा करार’ देण्याची पद्धत अलीकडे माझ्या वारंवार पाहण्यात येते. पगाराच्या जागी फी, त्यातून 10 टक्के टीडीएसची (आधीच कापून घेतलेल्या आयकराची) कपात आणि उभय पक्षांत मालक-नोकराचे नाते नसल्याचे एक कलम, असे त्या कराराचे साधारण स्वरूप असते. नुकतीच डी.फार्म (फार्मसीची पदविका) झालेली मुले ते कलम सहसा वाचत नाहीत. वाचले तरी सही करण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते.

हे कंत्राट बहुतेक वेळा कागदापुरतेच असते, असे माझे स्पष्ट मत आहे. 1945 च्या औषध नियमांतील नियम 65 नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे लागते. खरा कंत्राटदार आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकतो, पण येथे विशिष्ट व्यक्तीने विशिष्ट वेळी काउंटरवर हजर असणे हाच कामाचा गाभा आहे. ती वेळ, ती शाखा, कोणत्या कंपनीचा माल ठेवायचा आणि किती सूट द्यायची, हे सारे दुकान ठरवते. रुग्णालयाच्या पगारावर नसलेल्या मानद डॉक्टरचे उदाहरण येथे हमखास पुढे केले जाते. परंतु त्याच्याकडे रुग्ण त्याच्या नावावर येतात, फार्मासिस्टकडे गिऱ्हाईक येते ते दुकानाच्या पाटीवर.

न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातले आगरिये मणावर मोबदला घेत, कामाचे तास स्वतः ठरवत आणि मदतीला स्वतःची माणसेही लावत. तरीही कामावरची देखरेख आणि नियंत्रण पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली त्यांना कामगार मानले. 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर शिवणारे, इतर दुकानांचेही काम घेऊ शकणारे शिंपी नोकरच ठरले. आठ तासांच्या शिफ्टला बांधलेला फार्मासिस्ट त्यांच्याहून अधिक स्वतंत्र आहे, हे पटवणे अवघड आहे.

चार दुकानांचे रविवार स्वतःच्या सोयीने आणि स्वतःच्या दराने सांभाळणारा अनुभवी फार्मासिस्ट खरोखर स्वतंत्र असू शकतो आणि त्याला बळेच नोकर ठरवू नये, हेही मला मान्य आहे. शिवाय भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः 20 माणसांच्या आस्थापनेपासून लागू होत असल्याने तालुक्याच्या गावातल्या लहान मेडिकलमध्ये या वर्गीकरणाने फारसा फरक पडत नाही. प्रश्न मोठ्या साखळ्यांचा आहे.

मला सर्वाधिक खटकते ती बाब पैशांची नाही. 2014 पासून अनुसूची एच-1 मधील, म्हणजे काही अँटिबायोटिकांसह केवळ चिठ्ठीवर विकायच्या यादीतील, औषधांची वेगळी नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला परत पाठवण्याचे काम फार्मासिस्टचे. पण ज्याची पुढच्या आठवड्याची शिफ्टच व्यवस्थापकाच्या मर्जीवर आहे, त्याने विक्रीच्या आकड्याविरुद्ध ‘नाही’ म्हणावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

तात्पुरत्या गरजेसाठी मुदतीच्या नोकरीची वाट कायद्याने खुली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा नोकरीत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. नेमक्या याच खर्चापायी सेवा करारांचे पीक आणखी वाढेल, अशी मला शंका वाटते. परवान्याच्या अर्जात दुकानदार ज्या फार्मासिस्टच्या देखरेखीखाली विक्री होईल असे लिहून देतो, त्याच्या नेमणुकीचे स्वरूपही अन्न व औषध प्रशासनाने त्याच वेळी विचारावे आणि ते कामगार विभागाला कळवावे.