दंड 100 रुपयांचा, दंड 20 डॉलरचा

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला आणि पाणी अकोटा भागातल्या माझ्या मामांच्या घरात शिरलं. तळमजल्यावर कमरेइतकं पाणी, वीज गेलेली, मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या. मेलबर्नमध्ये बसून फोन लागत नाही म्हणून मी रात्रभर जागी. तिसऱ्या दिवशी आवाज ऐकू आला तेव्हा मामा थकलेले कमी आणि संतापलेले जास्त होते. महापालिका, नाल्यांवरची बांधकामं, पाणी ओसरल्यावर उगवलेले पुढारी, सगळ्यांचा त्यांनी उद्धार केला. अनेक सोसायट्यांमध्ये तेव्हा लोकांनी पुढाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

मी विचारलं, "मामा, 2021च्या महापालिका निवडणुकीत मत दिलं होतंत?"

"नाही गं. कोण येणार ते ठरलेलंच होतं. आणि न देणं हासुद्धा माझा हक्कच आहे."

पहिलं वाक्य खोटं नव्हतं. त्या निवडणुकीत 76 पैकी 69 जागा एकाच पक्षाला मिळाल्या. पण निम्म्याहून जास्त मतदार घरीच राहिले होते, हेही तितकंच खरं. लोकसभेचीही तीच उतरण आहे. 2014 साली बडोद्याचं मतदान 70 टक्क्यांच्या वर होतं, 2024 साली ते 60च्या आसपास आलं. बडोदेकरांना राजकारणाचं वावडं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कुठल्याही ओट्यावर बसा, दिल्लीपासून वॉर्डापर्यंत सगळ्याचा हिशेब ऐकायला मिळेल. इथे मेलबर्नमध्ये माझे सहकारी जेवणाच्या सुट्टीत राजकारणाचा शब्दही काढत नाहीत. तरी मतदानाच्या दिवशी दहातले नऊ जण जातात. उदासीन कोण म्हणायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

मत न देणं हाही हक्क, हे मामांचं दुसरं वाक्य कोर्टातही गेलेलं आहे. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचं करणारं विधेयक 2009 साली आणलं. राज्यपालांची संमती मिळायला 2014चा नोव्हेंबर उजाडला. त्याच विधेयकात स्त्रियांना 50 टक्के जागा होत्या, हे अनेकांच्या लक्षात नसतं. 2015 साली दंड ठरला 100 रुपये आणि त्याच ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सक्तीला स्थगिती दिली. मतदानाच्या हक्कात मत न देण्याचा हक्कही येतो, हा युक्तिवाद तिथे महत्त्वाचा ठरला. बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता. मला वाईट वाटलं होतं.

ऑस्ट्रेलियात 1922च्या निवडणुकीला 60 टक्केही लोक आले नव्हते. 1924 साली सक्तीचा कायदा झाला आणि 1925 साली आकडा 91 टक्क्यांच्या वर गेला. देशाच्या संसदेच्या निवडणुकीत मत दिलं नाही तर आधी पत्र येतं, कारण विचारतात, ते पटलं नाही तर 20 डॉलर दंड. बडोद्यात हे सांगितलं की लोक म्हणतात, बघा, दंडाने काम होतं. मला ते अर्धंच पटतं. कारण इथे सक्ती झाली म्हणून सरकारचंही काम वाढलं. मतदान शनिवारी असतं. ज्यांना त्या दिवशी जमणार नाही, त्यांना आधी जाता येतं किंवा टपालाने मत देता येतं. आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. वृद्धाश्रमात मतपेटी जाते, वाळवंटातल्या वस्त्यांवर गाडीने आणि विमानाने जाते. आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, निवडणुकीत तर मतपत्रिकेचं पाकीट घरी येतं, सोबत उमेदवारांची माहिती. ते पाकीट मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा पिता पिता भरते.

गुजरातच्या कायद्यात मतदाराच्या खिशातले 100 रुपये ठळक होते. सरकार काय करणार, ते तितकं ठळक नव्हतं.

सक्तीसोबत सरकारचीही जबाबदारी येते, ही गोष्ट बडोद्याला नवी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1893 साली अमरेलीत सुरू केलं आणि 1906 साली सगळ्या राज्यात नेलं, मुलींसकट. मूल शाळेत नाही आलं तर पालकांना दंड होता. पण दंड करायचा तर गावात आधी शाळा हवी, मास्तर हवा, आणि ती जबाबदारी दरबारावर होती. माझी पणजी त्याच शाळांमुळे पोथी वाचू शकली.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात, ते विचार न करता वरपासून खालपर्यंत 1, 2, 3 असे टाकून मोकळे होणारे लोक आहेत. शंभरातली पाचेक मतं बाद होतात. मत दिलं की कर्तव्य संपलं असं मानणारे शेजारी मला माहीत आहेत. उलट बडोद्यातल्या मोजक्या नागरिकांनी विश्वामित्रीच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाविरुद्ध 2016 साली पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि 2021पर्यंत ती लढाई चालवली. इतकी चिकाटी मी माझ्या इथल्या गल्लीत पाहिलेली नाही. पण नदीकाठचा सगळा भार त्या मूठभर लोकांनीच का वाहायचा? बाकीचे पुराच्या आठवड्यात ओरडतात आणि मतदानाच्या दिवशी घरी बसतात, तेव्हा नगरसेवकाला नेमकी कोणाची भीती वाटावी?

मला हे बोलायचा अधिकार किती, तेही मामांनी विचारलं. इथलं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी माझं बडोद्याचं मत गेलं. ते मी स्वतः सोडलं आणि त्याची खंत अजून आहे. म्हणूनच ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी ते वापरावं असं मला इतक्या तळमळीने वाटतं.

बडोद्यात एका वॉर्डाला चार नगरसेवक असतात. मी मामांना चौघांची नावं विचारली. त्यांना एकच आठवलं, सोसायटीच्या दारातून परत पाठवलेल्याचं. उरलेली तीन मी शोधून त्यांना पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यातल्या एका बाईंना त्यांनी पावसाळी गटाराबद्दल फोन केला होता आणि बाई बघायला येते म्हणाल्या होत्या.