मांड्यावर तूप आणि कोपरावर मलम

सोरायसिस आहे म्हणून डॉक्टरकडे निघालात? बसा की ओ. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात जायचं, बाही सरकवून खपल्या धरलेलं कोपर काउंटरवर ठेवायचं आणि 'नेहमीची ट्यूब द्या' म्हणायचं. २०१८ साली सरकारनं असली बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पण कोपर दाखवलं की! आणखी कसली चिठ्ठी?

ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, क्लोबेटासोल ०.०५ टक्के. शेजारी १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन पडलेलं असतं. शाळेत गणित शिकलेल्या माणसानं १ टक्क्यालाच भ्यावं. क्लोबेटासोल सगळ्यात कडक वर्गातलं, हे त्या आकड्यावरून कुणाला कळणार!

आमच्या डॉक्टरीणबाई तर्जनी पुढे करून म्हणाल्या, 'टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम. दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.' पुरते? बेळगावात पाहुण्याच्या मांड्यावर तूप असं रेघ मोजून सोडलं तर सोयरीक मोडेल. आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जायचं नाही आणि सलग दोन-चार आठवड्यांपुरतंच, असंही म्हणाल्या. चट्टा दहा वर्षांचा, औषध पंधरा दिवसांचं. पटतं का बघा.

तेव्हा सढळ हातानं लावा. काखेत, जांघेत, चेहऱ्यावर आधी. तिथली कातडी पातळ, औषध भराभर मुरतं. वरून प्लॅस्टिक गुंडाळलंत तर आणखी मुरेल. पुढे कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, जांघेत तांबड्या रेघा उमटतात. त्या पुसत नाहीत. १९५६ पासून नकाशावरची रेघ सोसतोय, त्यात ह्या दोन-चार काय जड आहेत!

चट्टा दबला की त्याच दिवशी सगळं बंद. डॉक्टर दिवसाआड, मग नुसतं शनिवार-रविवार असं उतरवत नेतात, मधल्या दिवसांत कॅल्सिपोट्रिऑल हे बिनस्टिरॉइडचं मलम नाहीतर साधं व्हॅसलीन लावायला सांगतात. एवढा हिशेब कोण ठेवणार? एकदम सोडल्यावर सोरायसिस दुप्पट जोरानं उसळला, कधी अंगभर पुवाच्या पुळ्या घेऊन आला, तर 'हवा बदलली' म्हणायचं.

उरलेली ट्यूब वाया घालवू नका. मी चंदगडच्या मेहुण्याला दिली, त्याच्या मांडीवर गजकर्ण होतं. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली, सासुरवाडीत माझं नाव झालं. बुरशी तेवढी राहिली. आता म्हणतो, पोटापर्यंत आलंय आणि तिकडच्या डॉक्टरला हे नेमकं काय ते ओळखूच येईना. ट्यूब लहान पडली असणार. उद्याच्या एसटीनं मोठी पाठवतोय.